छत्रीखालचा मूकपट

आता काय सांगू तुम्हाला, मरणाच्या दारी गाढवपणा करायलाही अंगात कला लागते, आणि ती माझ्यात ठासून भरलीय!

घाटकोपरचे आमचे काका गेले. त्यांना एकच वेड, एक जुना मूकपट. कोणी नावही ऐकलं नसेल असा! दर गणपतीत ते तो टीव्हीवर लावायचे आणि पाच मिनिटांत खोली रिकामी. शेवटपर्यंत बसणारा मी एकटा. खोटं नाही सांगत, पिक्चर झकास होता. नवरा समुद्रावर गेलेला, बाई खिडकीत बसलेली. कॅमेरा जागचा हलत नाही, नुसता उजेड तिच्या तोंडावरून उतरत जातो. ती रडत नाही हो, आपल्यालाच रडू येतं.

तर दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! ऊन मी म्हणत होतं. काकांचा मुलगा नंदू हात जोडून कबूल करत सुटला, "आईला सांभाळीन, बाबा. दारू सोडीन." कावळे झाडावर ढिम्म. काकूचा चेहरा बघवेना. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय, हीच तिला धास्ती.

गप्प बसावं की नाही? मी पचकलो, "काकू, त्यांचा पिक्चर कोणी धड बघितला नाही ना, त्यातच अडकलाय."

"मग दाखव रे सगळ्यांका!"

"आत्ता?"

"नाय तर काय वर्षश्राद्धाक?"

मोबाइलवर शेवटची दहा मिनिटं लावली. उन्हात काही दिसेना, म्हणून छत्र्या उघडल्या आणि सगळे खाली घुसलो. गुरुजीसुद्धा! मी चेकाळलो. "तो उजेड बघ, नंदू! आता फक्त तिचे हात बघ यार!" आणि खरंच, कोणी हलेना. नंदू तर हमसून रडत होता.

पिक्चर संपला, छत्र्या मिटल्या. बघतो तर पत्रावळ उलटी आणि पिंड गायब.

गुरुजींनी विचारलं, "कावळा शिवला? कोणी पाहिलं?"

कोणीच नाही! कावळा की कुत्रा, देव जाणे. काकू सगळ्यांची तोंडं बघत राहिली. तिला एवढंच कळायला हवं होतं, आणि ते आता जन्मात कळणार नव्हतं.

मी तिचे पाय धरायला वाकलो. ती माझ्या डोक्यावरून नंदूला म्हणाली, "नंद्या, आताच सांगतंय. माझ्या दहाव्याक ह्येका बोलवू नको!"