काकूंची अडीच इंच उंची

पूर्णा जंक्शनवर गाडी बदलणारी माणसं मी हजारोंनी पाहिली, पण साडीगणिक स्वतःची उंची बदलणारी बाई अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होती आणि ती आमच्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होती. साध्या सुती पातळात भेटल्या तर काकू माझ्या खांद्याला लागायच्या, नारायणपेठी नेसल्या की कानाला, आणि लग्नसराईत पैठणी बाहेर निघाली की चक्क डोळ्याला डोळा भिडवून बोलायच्या. नव्या माणसाला वाटावं, या तिघी बहिणी असतील. काका गाडीवर गार्ड होते. त्यांची ड्यूटी सिकंदराबादकडे लागली की काकू त्यांच्या खिशात एक चिठ्ठी घालायच्या. चिठ्ठीत किराणा नाही, औषध नाही. नुसतं टाचेचं माप आणि साडीच्या काठाचा एक दोरा डकवलेला. काका बिचारे तिथल्या बाजारात तो दोरा बुटांना लावून लावून रंग जुळवत हिंडायचे. असे करत करत चार जोड जमले. पुढून बंद, मागून बंद, पट्टा नाही, बक्कल नाही, पाय नुसता आत सरकवायचा. दुकानदार त्यांना पंप शूज म्हणायचा, काकू 'माझ्या हिल्स' म्हणायच्या आणि बाकीची कॉलनी 'वहिनींचे ठोकळे' म्हणायची.

कोणत्या साडीवर कोणता जोड, याचं काकूंचं शास्त्र होतं आणि त्यात कुणाला सवलत नव्हती. इरकलीवर काळा, "इरकल ठसठशीत, मग खाली बी ठसठशीतच पायजे." नारायणपेठीवर तपकिरी. मरून फक्त पैठणीसाठी राखीव. बारीक टाचेचा मोतिया जोड फिक्या रंगांवर, आणि फुलाफुलांच्या साडीखाली फूल लावलेला बूट अजिबात नाही, कारण "बाग एकच बरी." आधी हिल्स आणि मग साडी, हा पहिला नियम, नाहीतर साडीचा घेर टाचेशी जुळत नाही. आता घरात चपला घालायच्या कशा? देवघर समोरच. त्यावर काकूंनी तोड काढली होती. वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर हिल्स घालून उभं राहायचं आणि तिथल्या तिथे निऱ्या घालायच्या. काकांना त्या दिवशीचा पेपर वाचायचा असेल तर काकूंचं नेसणं होईपर्यंत थांबावं लागे. प्रत्येक जोडाचा परकरही वेगळा, नाडीला रंगीत दोऱ्याची खूण. एकदा एका लग्नात घाईघाईत काळ्याचा परकर मरूनवर चढला आणि घोटे उघडे पडले. काकूंनी ते लग्न बसून काढलं. मंगलाष्टकांनासुद्धा उठल्या नाहीत. विचारलं त्याला सांगितलं, गुडघा धरलाय.

पण आपल्याकडचा उंबरठा हा हिल्सचा खरा वैरी. हळदीकुंकवाला निघताना काकू दिमाखात निघायच्या, आणि ज्या घरी जायचं त्या घराच्या पायरीशी सगळा दिमाख उतरून ठेवावा लागायचा. काकू अडीच इंचांनी खाली आणि निऱ्या फरशीवर लोळायला लागलेल्या. मग काय, काकू ते अख्खं हळदीकुंकू चवड्यांवर करायच्या. वाण चवड्यांवर, तिळगूळ चवड्यांवर, यजमानीण बाईंच्या सासूबाईंना नमस्कार करून पुन्हा चवड्यांवर. बायका कौतुकानं म्हणायच्या, "वैनी चालतात किती हलक्या पायानं!" घरी आल्यावर काकू गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "शौकाला मोल नसतं, पोरी." एकदा ताडकळसच्या बाजारात, पाऊस उघडल्या उघडल्या, त्यांचा काळा जोड आमच्या काळ्या मातीत असा रुतला की काकू दोन पावलं पुढे गेल्या आणि बूट मागेच राहिले. भाजीवाल्यानं ओढून काढले तेव्हा काकू जराही लाजल्या नाहीत. "जमिनीला बी आवडल्या गं, सोडंचना!"

माझी गोष्ट अगदी उलट. मी ताडमाड. मला पाहायला आलेली मुलं आधी माझ्याकडे वर बघायची आणि मग आपल्या आईकडे. त्यामुळे मी खांदे पाडून, मान खाली घालून चालायला शिकले होते. बी.एड. झालं आणि परभणीच्या एका कन्याशाळेचं मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, साफ सांगितलं, "नोकरीबिकरी कशाला? आधीच जमंना झालंय." भिंतीपलीकडून काकूंनी ते ऐकलं आणि तडक आमच्याकडे आल्या. "अण्णा, गाडी सुटायच्या आधीच लाल झेंडी कामून दाखवायलात? एकदा जाऊ द्या की लेकराला." अण्णा गुरगुरले, पण गार्डाच्या बायकोपुढे झेंडीचं काय बोलणार? म्हणाले, "ठीक हाय. एकच मुलाखत. न्हाई जमलं तर दुसऱ्या दिवसापासून नोकरीचं नाव काढायचं न्हाई." मला ती नोकरी किती हवी होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

काकूंनी मला मोतिया जोड दिला. देवानं त्यांच्या उंचीत कापलेलं पावलात भरून दिलं होतं, त्यामुळे तो मला बरोबर बसला. "काकू, मी आधीच एवढी उंच, त्यात आणखी हिल्स?"

"उंच माणसाला तर जास्तच लागतात. ह्या घालून वाकून चाललीस तर तोंडावर पडशील. म्हणून ताठच चालावं लागतंय."

मग आठ दिवस त्यांनी मला बंद पडलेल्या सायडिंगवर, रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून चालवलं. मी सारखी पायाकडे बघायची आणि मागून काकूंचा आवाज यायचा, "खाली काय बघायलीस? सिग्नल बघ, सिग्नल!" आठव्या दिवशी मी न धडपडता टोकापर्यंत गेले आणि वळून पाहिलं तर काकू डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, इंजिनाच्या कोळशाचा कण गेला. त्या वाटेनं इंजिन येऊन वर्षं झाली होती.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं. एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता. म्हणून काकूंनी मला पहाटेच्या गाडीलाच बसवलं, वर्तमानपत्रावर उभं करून फिकी निळी साडी स्वतः नेसवून. शाळेत पोचले. नाव पुकारलं. ऑफिसच्या दाराशी शिपायाच्या चपला होत्या. दाराशी चपला दिसल्या की आपल्याही काढायच्या, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी हिल्स काढल्या आणि आत गेले. टेबलापलीकडे पाच जण, पाचही जणांच्या पायांत बूट. माझ्या निऱ्या जमिनीवर. परत फिरायची सोय नव्हती. मग मी काकूंचंच केलं. चवड्यांवर, मान ताठ, नजर समोर, खुर्चीपर्यंत गेले.

मधले म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "बाई, अनवाणीच?"

"बाहेर काढून आले."

"का बरं?"

"शाळा आहे ना," एवढंच सुचलं.

अध्यक्षांनी आपले बूट हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. आठ दिवसांनी पत्र आलं, माझी निवड झाली होती.

मुलाखतीहून परत येऊन पूर्णा स्टेशनवर उतरले होते तेव्हा काकू उभ्याच होत्या. पहिला प्रश्न मुलाखतीचा नाही. "काय म्हणाले गं हिल्स बघून?" त्यांचा चेहरा पाहून माझ्यानं खरं सांगवेना. मी म्हणाले, "बघतच राहिले." झालं. पत्र आल्यावर काकूंनी गावभर केलं की नोकरी मोतिया जोडानं दिली. पुढे कॉलनीतली कुठलीही मुलगी कुठल्याही मुलाखतीला निघाली की आधी काकूंकडे यायची आणि सायडिंगवर चालायची. मला मात्र ते खोटं वर्षानुवर्षं बोचत राहिलं.

काका रिटायर झाल्यावर ती दोघं नांदेडला मुलाकडे गेली. मध्यंतरी भेटायला गेले होते. काकूंचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी उंच टाचा बंद केल्यात. रबरी चपला फटफटवत बाहेर आल्या, इतक्या लहान दिसल्या की मला कसंसंच झालं. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते. तेवढ्यात काकूंनी सुनेला हाक मारली. "ही बघ आमची बाई. शाळेत लागली ती माझ्यामुळं."

सून हसली. तिला ते खोटं वाटलं असावं. "खरंच का हो?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हणाले, "काकूंमुळंच." आणि ते बोलताना मला पहिल्यांदाच खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.