सर्व्हेला गेले आणि एकाची नोकरी घालवून आले

हसू नका हं आधीच! मी एका सरळमार्गी माणसाची चांगली चाललेली नोकरी घालवली आहे. तीसुद्धा सरकारी खर्चाने.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बदली बंगलोरला झाली, हेब्बाळला बिऱ्हाड थाटलं आणि मला एक हंगामी काम मिळालं. माझी पहिली कमाई, त्यामुळे मी हवेत! सरकारने बेकार मुलांना फुकट प्रशिक्षण दिलं होतं. कुणाला स्कूटर दुरुस्ती, कुणाला वायरिंग. वर्षभराने त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, बाबा रे, काम लागलं का? बास, एवढंच. एवढ्यात काय गोंधळ घालता येतो? मला येतो.

मल्लेश्वरमच्या एका गल्लीत मंजुनाथचं दार वाजवलं. मी कशीबशी कानडी जुळवतेय, तर आतून त्याची आई म्हणाली, "मंजू, कोण आलंय बघ रे!"

मराठी! अहो, मला रडूच यायचं बाकी होतं. कित्येक महिन्यांत ह्यांच्याशिवाय मराठी ऐकलं नव्हतं, आणि ह्यांचं मराठी म्हणजे "डबा दे" आणि "किल्ली कुठाय". ही माणसं कितीतरी पिढ्या बंगलोरातली, पण घरात मराठी. मग काय, मी चटईवर मांडीच ठोकली.

मंजुनाथ एका स्कूटर गॅरेजमध्ये कामाला होता. मी कागदावरचे प्रश्न सुरू केले.

"यापेक्षा चांगलं काम मिळालं, तर आताचं सोडाल?"

"एका पायावर, अक्का!"

"गावाबाहेर जायची तयारी आहे?"

"तुम्ही पाठवाल तिकडे जातो की!"

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. नाही वाजली. कारण समोर वाफाळती कॉफी होती, आणि त्याची आई, "स्वल्प घ्या हो, तुम्ही आमच्यातलेच की!" म्हणून आग्रह करत होती. मला इतका उमाळा आला की निघताना मी म्हटलं, "काही काळजी करू नका, मी आहे ना! ऑफिसातून कळवतेच."

आता तुम्हीच सांगा, यातून कुणीही काय समजेल?

पुढच्याच सोमवारी ऑफिसच्या दारात मंजुनाथ हजर. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकू, सोबत आई आणि मैसूरपाकचा पुडा.

"कुठे बसू, अक्का?"

"बस की, त्या बाकावर."

"तसं नाही. कामाला कुठे बसू?"

"अरे, पण तुझं गॅरेज?"

"सोडलं! तुम्हीच विचारलात की, सोडतोस का म्हणून. मालकाला सांगून आलो, तुझ्या स्कूटरी आता तूच पुस!"

आई मागे उभी राहून कौतुकाने बघत होती. त्या घरात कमावणारा तो एकटाच. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तशीच उठले आणि रिक्षा करून गॅरेज गाठलं. मालकाने मला बोलूसुद्धा दिलं नाही. गिऱ्हाइकांसमोर झालेला अपमान तो कसा विसरणार?

शेवटी साहेबांपुढे उभी राहिले. मूर्तीसाहेब इंग्रजीत कडाडले, ते मराठीत सांगते: "बाई, प्रशिक्षणाने नोकरी लागते का, हे बघायला तुम्हाला पाठवलं होतं. लागलेली घालवायला नाही!"

मग त्यांनी मंजुनाथला आत बोलावलं. कानडी येते? येते. तमिळ, हिंदी? येते. गल्ल्या माहीत आहेत? प्रत्येक घरातली स्कूटर ओळखतो, सर! साहेब एकदम खूश. म्हणाले, "सर्व्हेला असाच माणूस हवा. उद्यापासून या."

मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. "सर, किती बरं झालं! पण आपल्याकडे जागा कुठे आहे?"

"आहे ना," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमची."

बाहेर आले तर मंजूच्या आईने मैसूरपाकचा पुडा माझ्या हातात कोंबला. डोळ्यांत पाणी. "शब्द पाळलात हो! पण मॅडम, आता तुमचं कसं?"

मी म्हटलं, "बघू, शोधीन काहीतरी."

तिने प्रेमाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सरी, ठीक आहे. मंजूला सांगून ठेवते, ऑफिसात तुमच्यासाठी शब्द टाक म्हणून. तेवढी ओळख आहे आता आमची!"