दोन कुलपांचं जंगल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीमागे, ओढ्याकाठी, पूर्वी लाकडाची वखार होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथल्या करवतीने माझ्या दुपारच्या झोपेचं पार वाटोळं केलं होतं. वखारवाल्याने आधी डोंगरातला साग कापला, मग वखारीमागचा स्वतःचा कापला आणि कापायला काही उरलं नाही तेव्हा कुलूप लावून गेला. मग बुंध्यांना फुटवे आले, घाणेरी माजली, आणि आम्ही त्याला जंगल म्हणायला लागलो.

ती जागा पार्किंगला जाणार होती. बरीच बोंबाबोंब झाल्यावर पालिकेच्या साहेबांनी सांगितलं, सोसायटी आणि ओढ्यापलीकडचा वारली पाडा, दोघांनी मिळून वर्षभर सांभाळून दाखवा. मी येऊन बघेन. मिळून केलेलं दिसलं तर झाडं राहतील, नाही तर गाड्या. खरं सांगायचं तर सोसायटीतल्या निम्म्या लोकांना गाड्याच हव्या होत्या. पण फ्लॅट विकताना ‘फॉरेस्ट व्ह्यू’ म्हणता येतं हे कळलं आणि सगळ्यांना एकदम निसर्गाचा कळवळा आला.

पाड्यातर्फे कमिटीत जी आली तिला मी आधीपासून ओळखत होते. नाक्यावरचं ब्युटी पार्लर तिचं. आमच्या चेअरमनना जरा वाईटच वाटलं. त्यांना डोक्यावर मोळी असलेली कोणीतरी हवी होती.

तिला ती जागा का हवी होती ते मला माहीत होतं. एकदा माझ्या भुवया कोरताना, दोरा दातात धरूनच तिने सांगितलं होतं, "तिकडे उंबराखाली माझा पहिला मुलगा पुरलाय गं. पार्किंग झालं तर त्याच्यावर गाड्या लागतील." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दोऱ्यामुळे आलं असं मी तिला वाटू दिलं. कमिटीत हे सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको. सगळे माझ्याकडे केविलवाणं बघत बसतील. धंदा आहे माझा."

आमचे चेअरमन बँकेतून रिटायर झालेले. अख्खं आयुष्य तिजोरी सांभाळली, आणि तिजोरी एकट्याने उघडायची नसते हा त्यांचा धर्म. मिळून सांभाळायचं म्हणजे काय, ते त्यांना पहिल्याच मीटिंगला कळलं. गेट बसवायचं, त्याला दोन कुलपं लावायची. एकाची चावी सोसायटीकडे, दुसऱ्याची पाड्याकडे. दोघं आले तरच गेट उघडेल. आमच्याकडचे हात पटापट वर झाले. पाड्यात हात वर करायची पद्धत नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बसून राहतात. दोन कुलपं कशाला हे काही त्यांना पटेना, पण चेअरमन उठायलाही तयार नाहीत. शेवटी लोकांना भुका लागल्या म्हणून पटलं. म्हाताऱ्या पुढाऱ्याने चावी कपाळाला लावली आणि घेऊन गेला. चेअरमन खूश. म्हणाले, "बघा, जबाबदारीची जाणीव आहे."

आता गंमत अशी, की वखारीची भिंत तीनच बाजूंनी. चौथ्या बाजूला ओढा, आणि ओढ्याला काही गेट नाही. पाड्यातली माणसं, कुत्री, बिबट्या, सगळे तिकडूनच यायचे. सोसायटीचे मात्र शिस्तीचे. गेट उघडल्याशिवाय जायचं नाही म्हणजे नाही, आणि उघडायला दोघं एकत्र हवेत, म्हणून कोणी गेलंच नाही. वर्षभर गेटला रंग दिला, बोर्ड लावला, बोर्डासमोर फोटो काढले. आत घाणेरी उपटत होत्या पाड्यातल्या बायका, आणि चपला हातात घेऊन ओढ्यातून जाणारी मी एकटी येडी.

वर्षाने साहेब आले. चेअरमन इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे. त्यांनी ऐटीत आपलं कुलूप उघडलं आणि बाजूला झाले. पाड्यातलं कोणी हलेना.

"चावी?" चेअरमन म्हणाले.

"वाघदेवाकडे आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला.

"मग मागवा ना."

"आत आहे तो. जंगल त्याचं, म्हणून चावी त्याच्यापाशी ठेवली."

शेंदूर लावलेला तो दगड गेटमधून दिसतसुद्धा होता. लागली ना वाट. साहेब घड्याळ बघायला लागले आणि पार्लरवालीचा चेहरा उतरला. वर्षभर मी तिला तसं बघितलं नव्हतं. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "साहेब, बूट काढा. ओढ्यातून जाऊ."

मग अख्खी सोसायटी पँट दुमडून पाण्यात उतरली. दगड शेवाळलेले. साहेबांचा एक हात तिने धरला, दुसरा चेअरमननी, आणि चेअरमन पडू नयेत म्हणून त्यांना म्हाताऱ्याने मागून कमरेला धरलं. भिंतीला वळसा घालून आत पोचल्यावर साहेब हसत म्हणाले, "तुमचं एकत्र काम छान चाललंय हं. मी तसंच कळवतो." ज्या कामासाठी आम्ही वर्षभर रंग दिला, ते शेवाळाने केलं.

चेअरमनना तर आनंदाने काही सुचेना. चहाचा थर्मास काढून त्यांनी उंबराखाली सतरंजी अंथरायला घेतली. "इथे बाकडं टाकू," म्हणाले, "काय झकास सावली आहे." मी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, तिथे नको. तिथे माझा मुलगा आहे."

कोणी केविलवाणं बघितलं नाही. कुठे बघावं हेच कोणाला कळलं नाही. चेअरमननी सतरंजी गोळा करून पोटाशी धरली. मग त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"ठेवायचं राहिलं," ती म्हणाली.

परत निघताना चेअरमन वाघदेवापाशी थांबले, आमच्या कुलपाची चावी खिशातून काढली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली. मग आल्या वाटेनेच पाण्यात उतरले, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून आपलं कुलूप दाबून बंद करून आले.

गेट अजून तसंच आहे. दरवर्षी रंग देतो. आम्ही सगळे आता ओढ्यातूनच जातो, आणि उंबराला लांबून वळसा घालतो.