मधल्या बाई

मधल्या बाई कधी कुणाचा निरोप पोचवत नसत. "शाळेला तेवढं सांगा हं," असं डॉक्टर म्हणाले की त्या तिथूनच वर्गशिक्षिकेला फोन लावायच्या, स्पीकर सुरू करायच्या आणि फोन डॉक्टरांपुढे ठेवायच्या. "निरोपावर पोर वाढत नाही, डॉक्टर. तुम्हीच बोला." रत्नागिरीतला दवाखाना आणि आमच्या खारवीवाडीतली शाळा यांच्यामध्ये धावायची त्यांची कंत्राटी नोकरी. म्हणून सासूबाईंनी त्यांचं हे नाव पाडलं.

माझी स्वरा तेव्हा दुसरीत होती. वर्गात बूड टेकायची नाही, दुसऱ्याला विचारलेलं उत्तर हीच ओरडायची. एकदा खिडकीतून उतरून थेट जेटीवर गेली आणि आजोबांच्या होडीत जाऊन बसली. शाळा म्हणाली, घरी ठेवा. डॉक्टर म्हणाले, एडीएचडी आहे, गोळी द्या आणि शाळेत पाठवा. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, बोलणी खायला मात्र मी.

बाई आल्या आणि मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटलं. स्वरा दुपारी पेंगते हे शिक्षिकेच्याच तोंडून ऐकल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलली. धड्याच्या मध्येच फळा पुसायचं काम तिला मिळालं. "ती उठणारच आहे ना? मग कामाला उठू दे," बाई म्हणाल्या. वर्ष सुरळीत गेलं.

सासूबाईंना तरी स्वराचं हे वागणं बाहेरची बाधाच वाटायची. शिमग्यात पालखी दारात आली की नातीसाठी गाऱ्हाणं घालायचं त्यांनी ठरवलं. बाई नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. "घाला की! पण आजी, एकट्या देवाला कशाला राबवता? थोडं माणसांनाही वाटून द्या." आणि त्या दिवशी त्यांनी शाळेच्या बाईंना, शाळा समितीच्या अध्यक्षांना, स्वतःच्या साहेबांनासुद्धा आमच्या अंगणात आणून उभं केलं.

गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराने नारळ हातात घेतला. "बा म्हाराजा, ही पोर शाळंत टिकू दे. तिला कोण येडी बोलू नये, शाळंनं तिला भायेर काढू नये!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग सासूबाईंनी खुणावलं तसं गावकराने पुढे जोडलं, "आन् ह्या बाईंना हितनं कोण हलवू नये!" तेव्हा साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

महिन्याभरात बाईंचं कंत्राट संपलं, नवं झालं नाही. साहेबांनी तोंडावर सांगितलंदेखील नाही. शिपायाकरवी निरोप धाडला. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

बाई आता लांज्याला भावाच्या काजूच्या दुकानात बसतात. जाताना म्हणाल्या होत्या, "आता तुम्हीच मधल्या व्हा." होऊन पाहिलं. पोरीच्या आईचा फोन डॉक्टर उचलत नाहीत आणि शाळा म्हणते, चिठ्ठी आणा. पावसाळ्यानंतर शाळेने स्वराला पुन्हा घरी बसवलं.

यंदा पालखी दारात आली तेव्हा साहेब दर्शनाला आले होते. गावकराने नारळ उचलला. "बोला काकी, काय मागायचं हाय?"

सासूबाई पदर सावरून पुढे झाल्या. "देवाला काय नको सांगूस. त्यानं कवा व्हय म्हटलंन? व्हय बोलणारे हे हितंच उभे हायत."

साहेबांनी प्रसाद घेतला आणि चपला शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी वाडीतली पोरं शाळेत गेली. स्वरा अंगणात गुलाल झाडत होती.