उंबऱ्याबाहेरचे बूट

"पायात काय होतं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"काही नव्हतं."

"चप्पलसुद्धा नाही? इलेक्ट्रिशियन ना तुम्ही?"

"समोर देवाचा फोटो होता," मी म्हणालो.

शॉक डोक्यालाही बसलाय का हे तपासावं लागेल, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या पायाच्या करंगळीखालचा काळा डाग दाखवला. रुपयाच्या नाण्याएवढाही नव्हता.

"हा एक्झिट वूंड. वीज हातातून आत आली आणि इथून जमिनीत गेली. डाग लहान आहे म्हणून खूश होऊ नका. मधल्या वाटेत काय काय जळलंय ते हळूहळू कळेल. दोन बोटं धोक्यात आहेत. कदाचित अर्धं पाऊलही."

माझ्या आजाराचं निदान हे असं झालं. वय बावन्न, रक्तदाब नाही, साखर नाही. आजार म्हणाल तर भक्तीचा, आणि तीही दुसऱ्याची.

मी मिरकरवाडा बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. बर्फाच्या कारखान्यात कोरडी जमीन शोधून सापडत नाही. लाद्या ओढल्या जातात, वितळतात, पाणी सगळीकडे फिरतं, पॅनल रूममध्येसुद्धा. आमच्या पॅनलवर, म्हणजे सगळ्या मोटरींना वीज वाटणाऱ्या लोखंडी कपाटावर, शेठनी देवाचा फोटो लावला आहे. दसऱ्याला झेंडूचा हार, रोज उदबत्ती. त्यामुळे आत जाताना पायताण बाहेर. तसा नियम कुणी लिहिलेला नाही. लिहिला असता तर मी नक्की भांडलो असतो. न लिहिलेल्या नियमाशी भांडायला समोर कुणी सापडत नाही.

शेठ कंजूष नाहीत. सुरक्षा सप्ताहात त्यांनी सगळ्यांना रबरी तळाचे, वीज अडवणारे उत्तम बूट दिले. पाहुणे आले, पॅनल रूममध्येच कार्यक्रम झाला, पाहुण्यांनी पादत्राणांचं महत्त्व अनवाणी उभं राहून सांगितलं. त्या दिवसाचा फोटो ऑफिसात आहे. आमच्या सगळ्यांच्या हातात बूट आहेत, पायात कुणाच्याच नाहीत. पुढच्या महिन्यात दाराबाहेर ते बूट ठेवायला स्टीलचा स्टँडही आला.

अपघाताच्या दिवशी बर्फ गोठवणाऱ्या एका कंप्रेसरच्या केबलचं टोक गरम होत होतं. मी त्या कंप्रेसरचा ब्रेकर, म्हणजे त्याचा खटका, पाडला आणि नट आवळायला पाना घातला. ब्रेकर पाडला तरी त्याची वरची बाजू जिवंत असते, हे मी इतरांना शिकवतो. मेन, म्हणजे सगळ्या कारखान्याची वीज, पाडली असती तर बर्फ थांबला असता, आणि धक्क्यावर बोटी खोळंबल्या होत्या. ही माझी चूक. हातमोजे खिळ्याला होते, कारण जाड मोज्यांत नट सापडत नाही. हीसुद्धा माझीच. या दोन्ही मी कुणावर ढकलणार नाही.

पाना सटकला आणि बसबारला, म्हणजे आतल्या उघड्या तांब्याच्या पट्टीला, लागला. लोकांना वाटतं शॉक बसला की माणूस फेकला जातो. माझी मूठ उलट आवळली गेली. सोडायचं होतं, सुटत नव्हतं.

आमचे कंप्रेसर ऑपरेटर दाऊदभाई दारात होते. नंतर वॉर्डात ते म्हणाले, "मास्तर, हात पुढे गेला होता माझा तुम्हाला ओढायला. मग तुमच्या शिव्या आठवल्या. आधी मेन, मग माणूस. म्हणून मेनकडे पळालो."

मी शिव्या देताना कुणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिली रात्र ईसीजीच्या यंत्राला बांधलेली गेली. मला ठणठणीत वाटत होतं, घरी जातो म्हणून मी वाद घातला. डॉक्टर म्हणाले, "अरिदमिया होऊ शकतो. म्हणजे हृदयाचा ताल चुकणं. बसल्या बसल्या गप्पा मारत माणूस जातो." मी गप्पा बंद केल्या. तुमच्यापैकी कुणाला असा झटका बसला आणि चहा पिऊन बरं वाटलं, तरी एक ईसीजी काढून घ्या. चहा पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. जळलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचा पदार्थ सुटतो आणि मूत्रपिंडात अडकतो. मग सलाईनवर सलाईन. नर्स दर तासाला बाटलीतला रंग बघायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आज पिवळी आहे हो काका!" एवढ्या आनंदानं माझ्या कुठल्याच कर्तृत्वाबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

पायाचं मात्र वाट बघणंच होतं. सर्जनबाईंनी शब्द सांगितला, डिमार्केशन. मेलेलं आणि जिवंत यांच्यामधली रेघ. ती शरीर स्वतः आखतं, घाई करून चालत नाही. रेघ जिथे थांबेल तिथे कापायचं. करंगळी काळी पडली, मग शेजारचं बोट. रोज ड्रेसिंगच्या वेळी मी रेघ कुठवर आली ते बघायचो. माझी बायको सुनंदा बघायची नाही. ती भिंतीकडे तोंड करून बोलायची.

"आमच्या संगमेश्वरला सत्यनारायणाच्या पूजेला चपला काढा म्हटलं, तर माझ्या भावाशी तासभर वाद घातलात. आणि तिथे बरे मुकाट काढलेत!"

"तिथे नोकरी आहे."

"मग भावानं पगार द्यायला हवा होता."

अकरा वर्षं मी नवस-सायासांची टिंगल करत आलो आणि त्याच अकरा वर्षांत रोज ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी वीज हाताळली. श्रद्धेपोटी नव्हे, वाईट दिसू नये म्हणून.

शेठ प्रसाद घेऊन आले. "देवानंच वाचवलं तुम्हाला."

"मग मी उगाच दाऊदभाईंचे आभार मानले."

ते हसले नाहीत. त्यांनी अपघाताचा अहवाल पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'कामगाराने सुरक्षा बूट परिधान केले नव्हते.' वाक्य अक्षरशः खरं होतं, हीच पंचाईत.

"पुढे लिहा," मी म्हणालो. "का केले नव्हते ते."

"देवाला कशाला कागदात ओढता?"

"देवाला नको. उंबऱ्यावर बूट काढायची पद्धत आहे, एवढंच लिहा."

"आम्ही कधी सक्ती केली का?"

"नाही केलीत. म्हणून तर अकरा वर्षं चाललं."

मी सही केली नाही. उजव्या हाताला बँडेज होतं, पण सुनंदानं मुद्दाम सांगितलं, "अंगठाही देणार नाहीत."

रेघ दोन बोटांवर थांबली. अर्धं पाऊल वाचलं. बोटं काढली, मग डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडणं, आणि स्किन ग्राफ्ट, म्हणजे मांडीची कातडी काढून तळव्याला लावणं. जखमेपेक्षा मांडी जास्त दुखते, हे आधी कुणी सांगत नाही. मी सांगून ठेवतो. चालायला नव्यानं शिकलो. करंगळी किती कामाची असते ते ती गेल्यावर कळतं. वळताना तोल जातो.

साडेचार महिन्यांनी कामावर गेलो. डाव्या बुटात स्पंजचा तुकडा. पॅनल रूमच्या दाराशी दाऊदभाई होते, मागे शेठ. स्टँडवर सगळ्यांचे बूट ओळीनं. मी बूट न काढता आत गेलो.

"मास्तर," दाऊदभाई हळूच म्हणाले, "देव कुणाचाही असो, बुटानं कसं जायचं?"

"बरोबर आहे तुमचं. म्हणून देवाला इथून हलवू या. शेठ, तुमच्या केबिनमध्ये न्या. तिथे एसी आहे, जमीन कोरडी आहे. इथे गेली अकरा वर्षं त्यांना ओल आणि ग्रीसचा वास."

शेठ फोटोकडे बघत पुढे आले. मग म्हणाले, "मीच नेतो. माझ्या हातानं." आणि सवयीनं खाली वाकून उजव्या पायातली चप्पल काढली.

पॅनल चालू होतं. जमिनीवर पाणी होतं. मी दारात आडवा उभा राहिलो. तोल जाऊ नये म्हणून चौकट धरली.

"शेठ, चप्पल घाला."

"अहो, देवाला हात लावायचाय."

"माहीत आहे. घाला."

एक पाय चपलेत, एक पाय फरशीच्या वर अधांतरी, असे ते थांबले. त्यांनी पॅनलकडे पाहिलं, खालच्या पाण्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या डाव्या बुटाकडे. मी हललो नाही. त्या क्षणी त्यांनी मला कामावरून काढलं असतं तरी मी हललो नसतो.

"आधी मेन पाडा," शेठ दाऊदभाईंना म्हणाले. मेन पडली तसा मी बाजूला झालो, आणि शेठ चप्पल पुन्हा पायात घालून, देवाची मनात माफी मागत असावेत तसे डोळे मिटून, आत आले.