प्यादं एक घर पुढे

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. एका डोक्याला पाऊण तास. गिऱ्हाइकं कुरकुरायची, तरी त्याच्याकडेच जायची, कारण हात मऊ. मी शेजारचा किल्ल्या बनवणारा. माझं सगळंच उलटं, हात कडक आणि जिभेला हाड नाही.

आरशाखाली त्याचा बुद्धिबळाचा पट असायचा. माझ्याकडे जुन्या गाजलेल्या डावांचं पुस्तक होतं. डाव ऐन रंगात येऊन थांबलेला, जिंकणाऱ्याने पुढे काय केलं ते आपण शोधायचं, उत्तरं मागच्या पानांवर. रोज दुपारी मी एक डाव मांडून द्यायचो आणि तो दाढी करता करता शोधायचा. पुस्तक मात्र मी त्याच्या हातात देत नसे. फुकटात गुरुजी झालो होतो ना.

त्याच्या मनात एकच होतं. गावातल्या बुद्धिबळाच्या क्लबात दर वर्षी अशा कोड्यांची स्पर्धा असायची, दहा डाव, दोन तास. पहिला येईल त्याला पोरांना शिकवायला बसवत. “आपल्याला कुणी शिकवलं नाही, आपण शिकवू,” म्हणायचा. त्यासाठी सहा वर्षं घासत होता बिचारा.

स्पर्धेला चार दिवस उरले होते. त्या दिवशीचा डाव बघत त्याने तीन गिऱ्हाइकं उरकली आणि म्हणाला, “हत्तीचा बळी नको. हे प्यादं एक घर पुढे. तीन चालींत मात.”

मी मागचं पान उघडलं. तिथे हत्तीचाच बळी होता, पाच चालींत मात.

“चूक,” मी म्हणालो.

“अरे, पण काळा राजा सुटतो कुठून?”

“पुस्तक लिहिणारे काय मूर्ख? तू कातरी चालव.”

खुर्चीतलं गिऱ्हाईक हसलं. त्याने कातरी उचलली.

संध्याकाळी घरी मी तो डाव मांडला. तास गेला, दोन तास गेले. काळा कुठूनच सुटत नव्हता. सावकाशचीच चाल सरस होती. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडतोय तोच तो आला आणि म्हणाला, “काल उगाच वाद घातला तुझ्याशी. राग मानू नकोस.” मग मी मूग गिळून बसलो. मोठेपणा सुटत नव्हता, दुसरं काय.

स्पर्धेत तो अकरावा आला. “पहिलं सुचलेलं लिहायचो,” तो सांगत होता, “मग वाटायचं, आपल्याला काय कळतं, आणि खोडायचो.” पुढे पटावर कंगव्यांचा डबा आला. आमच्या दुपारी संपल्या.

याला अकरा वर्षं झाली. दर महिन्याला मी त्याच्याच खुर्चीत मान खाली घालून बसतो. गेल्या आठवड्यात कानामागे वस्तरा फिरवताना तो सहज म्हणाला, “ती प्याद्याची चाल आठवते? काळा कुठून सुटतो ते मी अजून शोधतोय. सापडत नाही. तू सांगून टाक एकदाचं.”

आरशात बघायची हिंमत होईना.

“सुटत नाही,” मी म्हणालो. “तू बरोबर होतास.”

वस्तरा थांबला.

“तुला कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी.”

मग त्याने उरलेला कान पूर्ण केला, तितक्याच हलक्या हाताने. मानेवरचे केस झटकले. सगळ्यांना दाखवतो तसा मागून आरसाही दाखवला.

“त्या स्पर्धेत चार उत्तरं खोडली होती मी,” तो म्हणाला. “चारही पाठ आहेत.”

मी खुर्चीतून उठलो. माफ कर म्हणायचं होतं, पण जिभेला हाड नसलेल्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने कंगव्यांचा डबा उचलून खाली ठेवला, पट पुसला आणि माझ्याकडे पाठ करून एकेक मोहरा मांडायला लागला. पुस्तक त्याने मागितलं नाही.