झिरोचं तिकीट

आमच्या मशीनमध्ये एक तिकीट असं आहे, की त्याच्यावर पैशांच्या जागी नुसती शून्यं छापून येतात. पंच्याहत्तर वर्षांवरच्या माणसांना सरकारनं प्रवास फुकट केला, तेव्हा ते आलं. फुकट असलं तरी ते काढायचं आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचं, असा नियम. त्या तिकिटांचा हिशेब लावून सरकार नंतर आमच्या खात्याला भाडं भरून देतं. हे सगळं लिहिलेला कागद आगारात भिंतीला लावला होता, आम्हा कंडक्टरांना तो वाचून दाखवला होता आणि मी त्याच्यावर सहीसुद्धा केली होती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहायला नको.

माझी ड्यूटी तेव्हा मुक्कामी गाडीवर होती. संध्याकाळी पवनीहून निघायचं, आसगावच्या पलीकडे तलावाकाठच्या एका गावात गाडी लावायची, तिथंच झोपायचं आणि सकाळी सहाला तीच गाडी घेऊन अड्याळला जायचं. दुपारी त्याच वाटेनं परत. निम्मं गाव तलावात मासे धरणारं, निम्मं धान पिकवणारं. तिथून सरळ अड्याळला जाणारी दिवसभरात ही एकच गाडी होती.

मंगळवारी त्या गाडीत एक म्हातारी बसायची. जन्मभर तलावातले मासे विकलेली बाई. टोपली डोक्यावर वाहून मान एका बाजूला जराशी कललेली. आता ती मासे विकत नव्हती, डब्यात घेऊन जात होती. अड्याळला तिची धाकटी बहीण लकवा होऊन खाटेवर पडलेली होती. मंगळवारी ही जाऊन तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची आणि झिंग्यांच्या रश्श्यात भात कालवून भरवायची. बहीण दुसऱ्या कोणाच्या हातचं धड खात नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. तिचा आठवडा त्या मंगळवारापाशी येऊन थांबायचा.

सवलत सुरू झाली त्या पहिल्या मंगळवारी मी तिला आधार कार्ड मागितलं. तिनं कमरेचा बटवा काढला, बटव्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी काढली. तिला गाठ सुटेना. गाडी खड्ड्यातून चाललेली, म्हातारी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं आणि दातानं गाठ सोडतेय.

मी म्हटलं, "राहू दे माय. तुह्यं वय का तुह्या तोंडावर दिसून नाही राहिलं?"

गाडी हसली. म्हातारीही हसली. मी मशीन काखेत मारलं आणि पुढच्या सीटकडे गेलो. एवढंच झालं.

आमच्या भागात ओळखीच्या माणसाला पुरावा मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. मी स्वतः मोहाडीकडचा. तिथंही हेच. त्यातून वयाचा पुरावा, तोही बापाच्या वयाच्या माणसाला! त्या गावात मंगळवारी आणि एरवीही आठदहा म्हातारी माणसं गाडीत असायची. कोणी दवाखान्यात जाणारं, कोणी बँकेत, कोणी लेकीकडे. त्यांतल्या कोणाचंच तिकीट मी काढेनासा झालो. पैसे नाहीत तर तिकीट कशाला, असं त्यांनाही वाटायचं आणि खरं तर मलाही. बायांना अर्धं तिकीट होतं, ते मात्र मी चोख काढायचो, कारण तिथं पैसे हातात यायचे. सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर तपासनीस फिरकत नसत, म्हणून भीतीही नव्हती.

ड्रायव्हर माझ्याहून शहाणा. तो आरशातून बघायचा.

"अबे, दाबत जा ना बटन. झिरोचं असलं तरी तिकीटच व्हय थे."

"तू गाडी चालव," मी म्हणायचो. माझ्या नाकावर राग असतो, हे घरच्यांना माहीत आहे, आगारालाही माहीत आहे.

"चालवतो ना बाप्पा. तू कर दानधर्म सरकारच्या गाडीत."

त्याची ती थट्टा मला झोंबायची, कारण ती खरी होती. मला ते सगळं आवडत होतं. म्हातारे गाडीत चढताना माझ्याकडे बघून हात जोडत. कंडक्टर बाबू भला माणूस आहे, कागद मागत नाही, असं गावात बोललं जायचं आणि ते माझ्या कानावर आल्याशिवाय राहायचं नाही. म्हातारी मंगळवारी उतरताना पळसाच्या पानात बांधलेले सुके झिंगे माझ्या हातात ठेवायची. सवलत सरकारनं दिली होती. मी ती आपण दिल्यासारखी मिरवत होतो.

मग आगारातल्या गाड्या कमी झाल्या. जुन्या मोडीत निघाल्या, नव्या आल्या नाहीत. आहेत त्या गाड्या कुठं पळवायच्या, याची जुळवाजुळव सुरू झाली आणि आगार सांभाळणाऱ्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या मशीनमधून निघालेले कागद होते.

"तुझी गाडी तर रिकामीच जाऊन राहिली. अर्ध्या तिकिटाच्या दोनचार बाया अन् शाळेतले पोरं. बस?"

त्यांनी एक कागद उलटला.

"त्या गावात बुढे माणसं नाहीत का?"

साहेबांनी हे टोमणा मारल्यासारखं विचारलं नव्हतं. चांगला माणूस होता. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. गाडी वाचवायला काहीतरी सापडावं म्हणून ते ते कागद उलटे-सुलटे करत होते, हेही मला दिसत होतं. झिरोची तिकिटं दिसली असती तर त्यांना वर काहीतरी लिहिता आलं असतं.

त्या वेळी तोंड उघडायचं होतं. साहेब, म्हातारे आहेत, रोज असतात, मीच त्यांचं तिकीट काढलं नाही, एवढं म्हणायचं होतं. पण बिनतिकिटाचे प्रवासी नेले, हे कंडक्टरनं आपल्या तोंडानं कबूल करायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आधी निलंबन, मग चौकशी. माझी मुलगी तेव्हा नागपूरला शिकायला नुकतीच गेली होती.

मी म्हटलं, "आता सगळ्यायकडे मोटरसायकली झाल्या साहेब. बुढे लोकं पोरायच्या मागं बसून जातात."

नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी खोटं बोललो, तेही विचार न करता, अगदी सहज. साहेबांनी मान हलवली आणि कागद बाजूला ठेवले.

गाडी बंद झाल्याचं गावाला मीच सांगितलं. शेवटच्या सकाळी मंगळवार नव्हता, तरी म्हातारी थांब्यावर आली होती. गाडीत चढली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "बाबू, एक विचारू? आमी बुढे फुकट बसत होतो म्हणून गेली का गाडी?"

"कोण म्हणते?"

"पानठेल्यावर पोट्टे बोलून राहिले. फुकट्यायनं गाडी खाल्ली म्हणते."

तिच्या डोळ्यांत भीती होती. आपल्या हातून काहीतरी सांडलं की काय, अशी. मला तेव्हाही बोलता आलं असतं. गाव माझं काय करणार होतं? फार तर दोन शिव्या. पण गावाच्या मनातला तो भला माणूस मेला असता, आणि मला तो मरू द्यायचा नव्हता.

"वरून आदेश आहे माय," मी म्हटलं.

तिनं पळसाच्या पानाची पुडी पुढे केली. मी घेतली. ती पुडी मी घेतली, हे मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर मला अड्याळवरून जाणारी भंडारा-पवनी गाडी मिळाली. मनाला काही दिवस टोचणी होती, मग मला एक सोपी वाट सापडली. पेपरात यायचं, शहरातल्या बस तोट्यात आहेत, सरकार तूट भरून देतंय, नव्या गाड्या घ्यायला पैसे देतंय. ते वाचून मी तावातावानं बोलायचो. चहाच्या टपरीवर, आगारात, घरी. शहरात दर दहा मिनिटाला रिकामी बस फिरते तिला सरकार पोसतं, आणि आमच्या खेड्यातली एक गाडी त्याला जड होते! लोक माना डोलवायचे. मी बोलत होतो ते अगदी खोटं नव्हतं. पण मी ते का बोलत होतो, हे फक्त माझ्या त्या जुन्या ड्रायव्हरला माहीत होतं आणि तो माझ्याकडे न बघता चहा प्यायचा.

एकदा मुलीकडे नागपूरला गेलो असताना अशाच एका शहर बसमध्ये बसलो. दुपारची वेळ, गाडीत पाचसहा माणसं. मी मनातल्या मनात चरफडत होतोच. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. कॉलेजच्या एका पोरानं तिला लांबूनच पास दाखवला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. ती उठून त्याच्यापर्यंत गेली, पास मागून घेतला, मशीनमध्ये नोंद केली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. पोरगं वैतागलं.

मी तिला म्हटलं, "रोजचाच असन ना तो. कायले एवढी मेहनत?"

ती म्हणाली, "काका, मशीनमध्ये नाही गेला तर तो बसलाच नाही. मग उद्या ही गाडी कोणासाठी चालवायची?"

तिला माझा धंदा माहीत नव्हता. ती पुढे निघून गेली. मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि माझा थांबा कधी मागे गेला, ते मला कळलं नाही. शहराला जास्त मिळत असेल, खेड्याला कमी मिळत असेल, ते भांडण भांडायला माणसं आहेत. पण आमच्या त्या म्हाताऱ्यांच्या वाट्याचं जे सरकार द्यायला तयार होतं, ते मीच खात्याला मागू दिलं नव्हतं. मी त्यांना गाडीत बसवलं आणि गाडीतून पुसून टाकलं.

यंदा हिवाळ्यात, अड्याळच्या थांब्यावर ती माझ्या गाडीत चढली. मान आणखी कललेली. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"बाबू! जित्ता आहेस ना?"

"आहो ना माय. तू इकडं कशी?"

"बहिणीची तेरवी होती."

ती सीटवर बसली आणि जे झालं ते सांगत राहिली, शेजारणीला सांगावं तसं. गाडी बंद झाल्यावर गावात दुसरी गाडी येत नव्हती, म्हणून नातवाला सवड मिळेल तेव्हाच त्याच्या मोटरसायकलवरून जाणं व्हायचं. नातू मजुरीवर जाणारा, त्याला सवड कुठली? कधी महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून. शेवटी शेवटी बहिणीनं खाणंच सोडलं होतं. फोन आला तेव्हा नातू कामावर होता. कोणाची तरी गाडी मिळून ही पोचली, तोवर माती झाली होती.

"तोंड नाही दिसलं बाबू," ती म्हणाली. "पण दोष कोणाले देऊ? फुकट बसाची हौस आमालेच होती."

गाडी चालू होती, मागे लोक तिकिटासाठी खोळंबले होते, आणि मी तिच्यासमोरच्या सीटच्या कडेवर टेकलो आणि बोललो. सगळं बोललो. तुमच्यानं नाही गेली माय गाडी, माह्यानं गेली. मी तुमचं तिकीटच काढत नव्हतो. झिरोचं तिकीट काढलं असतं तर सरकारनं तुमचं भाडं भरलं असतं. साहेबानं विचारलं तर मी खोटं बोललो, का गावात कोणी बुढं जातच नाही.

ती लक्ष देऊन ऐकत होती. माझं झाल्यावर तिला हसू आलं. बोळक्या तोंडाचं, मोकळं हसू.

"झिरोचे पैसे कोण देते रे बाबू?"

"देते माय. सरकार देते. खरंच सांगतो."

"तू पयलेपासून असाच," ती म्हणाली आणि तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "आमचा दोष आपल्या डोक्यावर घेऊन राहिला. नको घेऊ. तुह्यं लेकरूबाळ आहे."

मी पुन्हा सांगायला लागलो. ती ऐकेना. तिनं बटवा काढला. मला वाटलं, आता तरी आधार कार्ड काढते आहे, आणि मी मशीनवर झिरोच्या तिकिटासाठी बोट नेलं. पण तिच्या हातात घडी घातलेली नोट होती.

"पुरं तिकीट दे. अर्धं नको. ही तरी गाडी राहू दे."

"तुले लागत नाही माय."

"दे म्हणलं ना."

तिचा आवाज चढला. मागचा एक माणूस ओरडला, "द्या ना साहेब, देते तर बुढी!" मी पूर्ण तिकीट काढलं. मशीनमध्ये त्या दिवशीही त्या गाडीत एकही म्हातारं माणूस नव्हतं.

पवनी येईपर्यंत मी तिच्याकडे दोनतीनदा पाहिलं. तिनं ते तिकीट बटव्यात ठेवलं नव्हतं. दोन बोटांत धरून छातीशी उभं धरलं होतं, कोणी तपासायला चढलंच तर त्याला लांबून दिसावं म्हणून.